साळवे भाऊसाहेबांच्या त्रुटी

साळवे भाऊसाहेब लग्नात आहेर म्हणून रेशन कार्डाचा फॉर्म देतात.

पाकीट चारचौघांसारखंच असतं. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, खाली 'शुभाशीर्वाद, शमुवेल साळवे.' आत मात्र दोन अर्ज. एक नवरीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करण्याचा, दुसरा तेच नाव सासरच्या कार्डात वाढवण्याचा. जिथे जिथे सही करायची तिथे तिथे पेन्सिलीने फुली मारलेली आणि शेवटी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ: 'तीन महिन्यांत उरकणे. नंतर राहून जाते.'

आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी पाकिटं फोडायला घेतली आणि हे पाकीट हातात आल्यावर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "तहसीलमधून कुणी आलं होतं का जेवायला?" त्यांनी घाबरून विचारलं.

मी एकदा भाऊसाहेबांना म्हटलं, "भाऊसाहेब, लग्नात हे बरं दिसतं का?"

ते म्हणाले, "बाई, मिक्सर पाच जण देतात. हे कोण देतं?"

मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. आणि ते नगरच्या एका सरकारी कचेरीत तीस-एक वर्षं कारकून होते, म्हणून सगळं गाव त्यांना 'भाऊसाहेब'. कचेरीत त्यांच्याकडे शाळामास्तरांच्या आणि इतर कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलांचं टेबल होतं. बिल आलं की तपासायचं, चूक दिसली की 'त्रुटी' असा शेरा मारून परत पाठवायचं. त्यांच्या टेबलावरून पहिल्या खेपेला पुढे गेलेलं बिल कुणी पाहिलेलं नाही असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. तालुक्यातालुक्यातले मास्तर त्यांना मागे 'त्रुटी साळवे' म्हणायचे. हे नाव त्यांना माहीत आहे. "दोन्ही शब्दांचं शुद्धलेखन बरोबर आहे," एवढंच ते त्यावर म्हणतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही सावेडीत राहायला आलो. टेम्पोतून कपाट उतरत होतं, माझा नवरा सतीश हमालांवर ओरडत होता, आणि फाटकापाशी एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक लाल पेन्सिल. मला वाटलं, पाणीबिणी लागतं का विचारायला आले असतील.

"रेशन कार्ड कुठल्या रंगाचं?"

"पांढरं," मी म्हटलं.

"पत्ता?"

"सोनईचा. सासरचं घर आहे तिथे."

"म्हणजे तुम्ही अजून सोनईलाच राहता," ते म्हणाले आणि निघून गेले. अर्ध्या तासाने स्टीलच्या किटलीत चहा घेऊन परत आले. सोबत पत्ता बदलण्याचा अर्ज होता.

माणसाची ओळख ते अशीच ठेवतात. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणजे 'पांढरं कार्ड, दोन नावं वाढवायची राहिलीत.' भाजीवाली म्हणजे 'पिवळं, पण अंगठा उमटत नाही.' आमच्या समोरचे निवृत्त फौजी म्हणजे 'त्यांचं वेगळं आहे, त्यांना सैन्याचं मिळतं.' हे शेवटचं ते किंचित नाराजीने सांगतात, कारण फौजींच्या कागदात त्यांना करण्यासारखं काही नाही.

नावाचा त्यांना एवढा ध्यास का, हे त्यांच्या स्वतःच्या कागदांवरून कळतं. चर्चच्या रजिस्टरात ते शमुवेल. शाळेत मास्तरांनी लिहिलं समुवेल. आधार कार्डवर कुणा मुलाने टाइप केलं सॅम्युएल. "आम्ही तिघं एकाच घरात राहतो," ते सांगतात. "पेन्शन मात्र एकालाच मिळते."

घरात खरं तर ते एकटेच असतात. बायको, मार्थाबाई, आम्ही यायच्या आधी वारल्या होत्या. मुलगी नाशिकला असते, सणाला येते. रविवारी सकाळी चर्च, आणि रोज संध्याकाळी चार ते सहा पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या पाच खुर्च्या. तिथे माणसं येतात. आयुष्मान कार्ड काढायला, काढलेलं का चालत नाही ते विचारायला, आणि कुणीकुणी नुसतंच, 'भाऊसाहेब, एकदा बघून घ्या' म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं घर घेऊन. भाऊसाहेब लाल पेन्सिल काढतात. कागद वाचताना त्यांचे ओठ हलतात. मग पेन्सिल एका जागी थांबते, आणि चेहऱ्यावर एक समाधान पसरतं. त्रुटी सापडलेली असते.

मी वह्या तपासत आमच्या ओट्यावर बसलेली असते, त्यामुळे हे सगळं मला ऐकू येतं. नेवाशाकडून आलेल्या एका म्हाताऱ्याबरोबरचं बोलणं मी विसरणार नाही. कार्ड हातात घेऊन त्याने खालीवर पाहिलं.

"मंग हे पाच लाख खात्यावर कवा येत्यात?"

"खात्यावर येत नाहीत."

"मंग?"

"तुम्ही आजारी पडलात, यादीतल्या हॉस्पिटलात भरती झालात, तर खर्च सरकार हॉस्पिटलला देतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत. सगळ्या कुटुंबाला मिळून."

"म्हंजी आजारी पडायचं मी आन् पैसं डाक्टरला."

भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. नियमात काही चुकत नव्हतं. "हो," ते म्हणाले.

"आन् न्हाईच पडलो आजारी तर?"

"तर काहीच मिळत नाही."

"मंग न्हाई मिळालेलंच बरं," म्हातारा म्हणाला, आणि कार्ड टोपीच्या आत नीट ठेवून गेला.

भाऊसाहेबांच्या पोर्चमध्ये काही वाक्यं रोज म्हटली जातात, शाळेत पाढे म्हणतात तशी. 'सर्दी-खोकल्याला कार्ड नाही.' 'हॉस्पिटल मोठं आहे हे विचारू नका, यादीत आहे का ते विचारा.' 'आधी कार्ड दाखवा, मग पलंगावर पडा.' नवीन माणसाकडून ते ही वाक्यं म्हणून घेतात. त्याशिवाय चहा मिळत नाही.

पांढऱ्या कार्डवाल्यांनाही राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत घेतलं, ती बातमी आली त्या सकाळी आमची बेल वाजली. भाऊसाहेब पेढे घेऊन उभे.

"नाशिकहून काही गोड बातमी?" मी विचारलं.

"पांढरं कार्ड आत आलं," ते म्हणाले.

शासन निर्णयावर पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांनी सतीशचीही सुटका केली नाही. सतीश सुप्याला कारखान्यात आहे. कंपनीचा विमा होताच, पण वर एक स्वतःची पॉलिसी असावी म्हणून त्याने माहितीपत्रकं आणली. भाऊसाहेबांनी ती मागून पुढे वाचायला घेतली.

"उलटी धरलीत," सतीश म्हणाला.

"पॉलिसी शेवटच्या पानापासूनच वाचायची. पहिल्या पानावर हसणारं कुटुंब असतं. शेवटच्या पानावर आपण असतो." मग सतीशने भरून ठेवलेल्या फॉर्मवर लाल पेन्सिल थांबली. "आजार या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय. तुम्हाला बीपी आहे ना? गोळी घेताना मी पाहिलंय."

"लिहिलं तर हप्ता वाढतो हो."

"आज थोडा वाढेल. न लिहिता पुढे हार्टचं काही झालं तर दावाच नाकारतील. मग एवढी वर्षं भरलेला हप्ता कशासाठी भरलात?"

"ते कशाला शोधत बसतील?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "साळवे नावाचा कुणीतरी तिथेही बसलेला असतो," ते म्हणाले.

सतीशने नवा फॉर्म भरला.

माझ्या सासूबाईंचं प्रकरण मात्र त्यांना जड गेलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला, मिळकत कितीही असो, वेगळं कार्ड मिळायला लागलं तेव्हा भाऊसाहेब आमच्या आधी आनंदले. सासूबाई सोनईहून आल्या त्याच दिवशी ते मोबाईल आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन हजर. अंगठा घेतला, उमटेना. जन्मभर भांडी, शेण, ओल्या मिरच्या. बोटावर रेषच राहिलेली नव्हती. मग चेहऱ्याने ओळख पटवायची ठरली. त्यात मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून डोळ्यांची उघडझाप करावी लागते.

"आजी, इकडे बघा. हां. आता डोळे मिटा, उघडा."

सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे वळल्या. "कोन हाय गं ह्यो मानूस? मला डोळं मारायला सांगतोय."

भाऊसाहेब कानापर्यंत लाल झाले. मी हसू दाबत समजावलं. सासूबाई तयार झाल्या, पण आता त्या एकच डोळा मिटू लागल्या, कारण दुसऱ्यात मोतीबिंदू होता आणि तो मिटला काय, उघडा काय, त्यांच्या लेखी सारखंच. शेवटी चौथ्या खेपेला जमलं. कार्डावर वय बघून त्या म्हणाल्या, "एवढी न्हाई मी. दोन वर्सं कमी करा." भाऊसाहेब म्हणाले, "दोन वर्षं कमी केली तर कार्डच जाईल." सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि वय ठेवून घेतलं.

हे सगळं मी लोकांना हसत सांगत असे. 'आमचे भाऊसाहेब' म्हणून पाहुण्यांपुढे त्यांची नक्कलही करून दाखवत असे. एक छंदिष्ट म्हातारा, नोकरी सुटली पण कारकुनी सुटली नाही, असं माझं साधं मत होतं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी रावसाहेब जाधवची इस्त्रीची टपरी आहे. तो इस्त्री करतो आणि त्याची बायको सुनीता घरोघर कपडे गोळा करते, पोचवते. भाऊसाहेबांचा शर्ट द्यायला ती गेली की ते तिला हटकत. "कागद आणा म्हटलं होतं." ती म्हणे, "आणते की." असं वर्षभर चाललं. मग एकदा ती कंटाळून पिशवी घेऊन आली आणि भाऊसाहेबांना जन्मात मिळाली नव्हती एवढी मोठी त्रुटी मिळाली.

रेशन कार्डावर सुनीता. आधारवर अलका.

"ही अलका कोण?"

"मीच," ती म्हणाली. "माहेरचं नाव. लग्नात ह्यांनी सुनीता ठिवलं. तांदळात लिहिलं हुतं अंगठीनं."

"तांदळात लिहिलेलं सरकारला दिसत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटरला या दोन बायका आहेत. एकीचं कार्ड दुसरीला चालणार नाही. दोघींपैकी एकच ठेवावी लागेल. कुठली ठेवायची?"

रावसाहेब शेजारीच उभा होता. "सुनीताच ठिवा. सवय हाय सगळ्यास्नी."

"तुम्हाला नाही विचारलं."

मला ओट्यावरून तिचा चेहरा दिसत होता. लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली असतील, दोन मुली मोठ्या झाल्या होत्या, आणि तिला हे कधी कुणी विचारलं असेल असं वाटलं नाही. तिने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अलका."

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले तेव्हा रावसाहेब मला म्हणाला, "बाई, म्हातारा लई वंगाळ हाय. बायकूचं नाव काढून घितलं माजं." पण तहसीलच्या खेपा त्यानेच घातल्या. भाऊसाहेब प्रत्येक खेपेला बरोबर असत. एकदा शिक्का राहिला, एकदा साहेब बैठकीला गेलेले, एकदा ऑनलाइन बंद. अलका वैतागून म्हणायची, "मला कुठं काय झालंय? धडधाकट बाई मी." तर भाऊसाहेब तिला म्हणाले, "म्हणूनच आता करायचं. आजारी पडल्यावर कागद करायचे नसतात."

शेवटी नाव बदललं, आयुष्मान कार्ड झालं. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी अलका आमच्या ओट्याच्या पायरीवर बसलेली मला दिसली. कपड्यांचं गाठोडं मांडीवर, तोंड उघडं, श्वास लागलेला. "काय न्हाई, दम लागतो आजकाल," ती म्हणाली. तिला डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, लहानपणी कधीतरी ताप आला असेल त्यातून. बदलावी लागेल म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून रावसाहेब दवाखान्याच्या पायरीवर खालीच बसला. त्याला वाटलं, आता टपरी गेली, गावाकडची खोली गेली, तरी पुरणार नाही. भाऊसाहेबांनी त्याच्या शेजारी बसून एकच गोष्ट सांगितली: "यादीतलं हॉस्पिटल नगरमध्येच आहे. हे ऑपरेशन योजनेत बसतं. नाव जुळतं. तुम्ही फक्त तिला घेऊन चला."

तिथल्या योजनेच्या खिडकीवरच्या मुलीने कार्ड तपासलं, आधार तपासलं, आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे, काका. मंजुरी येईल." भाऊसाहेबांच्या तोंडावर मी जरा निराशाच पाहिली. त्रुटी निघाली असती तर त्यांच्याकडे अकरा कागद तयार होते.

ऑपरेशनच्या दिवशी मला सुट्टी होती. मी सकाळी आठलाच गेले. अलका हिरवा गाऊन घालून पलंगावर बसली होती. बांगड्या काढलेल्या, त्यामुळे तिचे हात परक्याचे वाटत होते. रावसाहेब शेजारी उभा राहून तिच्या पायावरची चादर सारखी नीट करत होता. भाऊसाहेब दाराबाहेर बाकावर, मांडीवर फाईल. ते आत येत नव्हते. मी बोलावलं तर म्हणाले, "इथे ठीक आहे."

साडेआठला खालून निरोप आला की रेशन कार्डाची आणखी एक झेरॉक्स हवी. रावसाहेब लगेच बाहेर आला. "द्या भाऊसाहेब, मी आणतो पळत."

भाऊसाहेबांनी फाईल दिली नाही. "तुम्ही आत बसा."

"खाली तर जायचंय. पाच मिंटांत येतो."

"बसा म्हणतो ना."

त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या खाटेवरचे लोकही वळून बघायला लागले. भाऊसाहेबांनी रावसाहेबाला दंडाला धरून आत नेलं, अलकाच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं, आणि दुसऱ्या क्षणी फाईल घेऊन जिना उतरू लागले. मी त्यांच्या मागे गेले. वाटलं, त्यांचाच बीपी वाढला असेल.

झेरॉक्सचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकाला लागून. पुढे सहा-सात माणसं. भाऊसाहेब रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, "एवढं रागवायला नको होतं, भाऊसाहेब. बिचारा घाबरलेला आहे."

ते समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत होते.

"मार्था गेली तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात होतो, बाई," ते म्हणाले.

रांग एक पाऊल पुढे गेली. तेही गेले.

"पुण्याला नेलं होतं. आमची खासगी पॉलिसी होती, मीच घेतलेली. पॉलिसीवर मार्था शमुवेल साळवे. आधारवर मार्था सॅम्युएल साळवे. खिडकीवरची मुलगी म्हणाली, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं लिहून द्या, सोबत झेरॉक्स जोडा. फार चांगली मुलगी होती. तिला मी काय बोलणार? मीही तेच लिहीत आलो होतो इतकी वर्षं. लोकांच्या बिलांवर."

"तुम्हाला काय कल्पना..."

"वर मार्थाने हात धरला होता माझा. बोलता येत नव्हतं, तोंडाला मास्क. मी सोडवला. म्हटलं, पाच मिनिटांत येतो. मशीनमध्ये कागद अडकला. दुकानदाराने तो काढला, मग शाई संपली. मी उभा. मला वाटत होतं की मी तिचंच काम करतोय." त्यांनी फाईल या हातातून त्या हातात घेतली. "मंजुरी आली नंतर. मेसेज आला मोबाईलवर. अजून आहे तो."

आमचा नंबर आला. दुकानदाराने किती प्रती म्हणून विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "दोन. एक असू द्या जवळ."

परत येताना जिन्यात ते एकदाच थांबले. "लोकांना वाटतं मला कागदांची आवड आहे," ते म्हणाले. "मला कागदांचा तिटकारा आहे, बाई. ते आधीच करून टाकावेत. मग माणसाला माणसाजवळ बसता येतं."

आम्ही वर पोचलो तेव्हा अलकाला आत न्यायला आले होते. रावसाहेब तिचा हात धरून ढकलगाडीबरोबर दारापर्यंत चालत गेला. तिथे त्याला थांबवलं. तिने आतून मान वर करून पाहिलं आणि तो म्हणाला, "हितंच हाय मी, अलका." माझ्या माहितीत त्याने तिला त्या नावाने हाक मारल्याची ती पहिली वेळ.

ऑपरेशन पाच तास चाललं. ते चांगलं झालं. हे आता लिहिताना एका ओळीत संपतं, पण त्या पाच तासांत रावसाहेबाने मला तिच्या सगळ्या आवडीनिवडी सांगितल्या, आणि भाऊसाहेब शेवटच्या बाकावर बसून ओठ हलवत होते. हातात कागद नव्हता, तेव्हा प्रार्थना करत असावेत.

चौथ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. मी शाळा सुटल्यावर गेले, भाऊसाहेब माझ्याबरोबर होते. सगळे कागद संपले होते. बाहेर बाकावर बसायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं, तरी ते सवयीने तिकडेच वळले. तेवढ्यात रावसाहेब बाहेर आला. त्याची दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते.

"भाऊसाहेब, जरा बसता का तिच्यापाशी? मी चार घास खाऊन येतो. सकाळपासून उठलो न्हाई."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ते आत गेले आणि स्टुलावर अगदी कडेला बसले, कुठल्याही क्षणी उठावं लागेल असे. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. एकदा गुडघ्यावर ठेवले, एकदा घडी घातली. खिशातली पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

अलकाने डोळे उघडले. "भाऊसाहेब? काय राहिलं का कागदात?"

"नाही. काही नाही राहिलं."

"मंग?"

"असाच आलोय," ते म्हणाले.

तिला ते पुरेसं वाटलं असावं. तिने डोळे मिटले. सलाइन लावलेला तिचा हात चादरीवर होता. बऱ्याच वेळाने भाऊसाहेबांनी आपला हात त्याच्या शेजारी ठेवला, लागेल न लागेल असा. झोपेतच असेल, तिने त्यांची दोन बोटं धरली. ते हलले नाहीत. त्यांच्या नाकावरून चष्मा घसरला तोही त्यांनी सारखा केला नाही.

सहा वाजता सिस्टर आत आल्या आणि भेटायची वेळ संपली म्हणून सांगू लागल्या. लोक उठले, डबे-पिशव्यांचे आवाज झाले. भाऊसाहेब अवघडून वर बघत हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, हिचे मालक येईपर्यंत मी बसलो तर चालेल का? त्याला कुठला पास लागतो? कुणाची सही?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या बोटांकडे.

"काही लागत नाही, काका," त्या म्हणाल्या. "बसा."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. जिन्यापाशी वळून पाहिलं तर ते स्टुलाच्या कडेवरून मागे सरकून नीट बसले होते.